केस पेपरवर नसलेला प्रश्न

माणसांचा व्यापार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कामाठीपुरा येतो, नाहीतर सिनेमातला बंद ट्रक. मी ऊसपट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात २२ वर्षं परिचारिका होते. तसा ट्रक मी कधी पाहिला नाही. पाहिला तो मुकादम. बाईचं आधार कार्ड स्वतःच्या खिशात ठेवून केस पेपरच्या खिडकीशी तिच्या वतीनं बोलणारा.

२०१६ च्या गळीत हंगामातली गोष्ट. रात्री एका ऊसतोड बाईला ट्रॅक्टरवरून आणलं. टोळी बीडकडची. चौथ्या महिन्यात गर्भ पडून रक्तस्राव चालू होता. नाव, वय, गाव सगळं मुकादमानं सांगितलं. नवरा दाराशी गप्प उभा. डॉक्टरांनी पिशवी साफ केली, सलाईन लावलं. पहाटे मी रक्तदाब बघायला गेले तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. "बाई, चार दिस ठिवून घ्या की."

मी म्हटलं, "आता बरी आहेस, गोळ्या वेळेवर घे." ३० खाटांचा दवाखाना, बाहेर दोन बाळंतिणी थांबलेल्या. सकाळी डिस्चार्जच्या कागदावर तिचा अंगठा मीच घेतला.

तीन आठवड्यांनी तोच मुकादम दुसऱ्या बाईला घेऊन आला. मी पहिलीची चौकशी केली. तो सहज म्हणाला, "ती व्हय? सारखं पोट दुखतंय म्हणायची, खाडे पडायला लागले. खासगीत नेऊन पिशवीच काढून टाकली. पैसे उचलीत धरलेत." केस पेपरवर तिचं वय २५ होतं.

ज्यांना ही भाषा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हंगामाआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, आगाऊ रक्कम देतो, ती उचल. कामाला दांडी पडली की खाडा. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंड बसतो. आजारपणाचा खर्च उचलीत चढतो. हंगाम संपला तरी उचल फिटली नसेल तर ती पुढच्या वर्षावर जाते. म्हणजे त्या बाईच्या शरीरातला अवयव गेला आणि तो काढण्याचा खर्चही तिच्याच डोक्यावर बसला.

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची माहिती घेतली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. या आकड्यावरून खासगी डॉक्टरांना बरंच बोललं गेलं, आणि ते बरोबरच होतं. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. या हजारो बाया दवाखान्यापर्यंत पोचल्या होत्या. टेबलावर झोपल्या होत्या. त्यांना कोणी तरी तपासलं, भूल दिली, टाके काढले. एवढ्या पांढऱ्या कोटांतून किती जणांनी विचारलं असेल, की तुला हे काम सोडून जाता येतं का?

आम्ही का विचारत नाही? प्रशिक्षणात खुणांची यादी सांगतात. रुग्णाऐवजी दुसराच बोलतो, कागदपत्रं दुसऱ्याकडे असतात, जुन्या जखमा, अंगावर काढलेलं दुखणं, नजर खाली, जायची घाई. यादी खरी आहे. पण आमच्या ओपीडीत ही यादी लावली तर निम्मी रांग त्यात बसेल. कोयतेवाले, वीटभट्टीवरचे कातकरी, पालावरचे लोक असेच येतात. आणि मग स्टाफरूममध्ये ते वाक्य येतं, "त्यांच्यात चालतंच." लवकर लग्न? त्यांच्यात चालतंच. अंगावर वळ? त्यांच्यात चालतंच. हे वाक्य जात शिकवते. जी खूण बघून आपण दचकायला हवं, ती या समाजाची सवय आहे असं जात आपल्याला पटवून देते. मीही त्या पहाटे तेच केलं. बाबासाहेबांमुळे नोकरीला लागलेल्या मी.

माझा आजा गावकीचा महार होता. सरकारी टपाल असो की गावातलं मयताचं सांगणं, तापानं फणफणला तरी पळत जावं लागे. याला वतन म्हणत, हक्क म्हणत. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणेचं विधेयक मांडलं, तेव्हा आपल्यातल्याच काहींना वतन सोडवत नव्हतं. वतन कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. गुलामी अशीच असते, तिला हक्क नाहीतर व्यवहार असं नाव दिलं की आतला माणूसही तिची बाजू घेतो.

म्हणून संविधानाच्या कलम २३ नं माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगारी यांना एकत्रच मनाई केली आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं वेठीला बांधणारं कर्जच रद्द ठरवलं. १९८२ साली एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की गरिबीच्या रेट्यानं किमान वेतनाहून कमी पैशांत करावं लागणारं कामही सक्तीचं काम आहे. फसवून, धाकानं किंवा आमिषानं शोषणासाठी नेलेल्या माणसाची 'संमती होती' हा बचाव आज भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खाली चालत नाही. प्रत्येक उचल घेणारा मजूर विकलेला असतो असं मी म्हणत नाही. पण तो सुटू शकतो की नाही, हे विचारल्याशिवाय कळणार कसं?

२०२२ साली पोटरीला कोयता लागलेली एक बाई आली. सोबत मुकादमाचा माणूस. मी म्हटलं, "एक्स-रेच्या खोलीत नातेवाइकांना सोडत नाही." वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. आत तिला आधी पाणी दिलं. मग तीनच प्रश्न विचारले. आधार कोणाकडे आहे? उचल किती राहिली? उद्या गावाला जायचं म्हटलं तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नाला ती म्हणाली, "मागल्या साली एकजण पळाला, तर त्याच्या बापाला गावातनं धरून आणलं."

तक्रार दे म्हटलं तर तिनं मान हलवली. "घेतलंय तर फेडाया नगं का?" तिच्यात मला माझा आजा दिसला. मी तिला दबाव टाकला नाही. कायदा असं कर्ज मानत नाही, एवढं सांगितलं. डॉक्टरांनी तिचे शब्द तिच्या परवानगीनं केस पेपरवर लिहिले, जखम चिघळलीच होती म्हणून पाच दिवस भरती केलं. चिठ्ठी दिली असती तर सापडली असती, म्हणून ११२ हा नंबर तिच्याकडून पाठ करून घेतला. पुढे तिचं काय झालं ते मला माहीत नाही. पण पाच दिवस ती झोपली, आणि जाताना तो नंबर तिनं पुटपुटून दाखवला.

सहकारी म्हणतात, आपलं काम उपचार, पोलीसगिरी नाही. मान्य. म्हणूनच मुकादमाशी भांडू नका, सज्ञान बाईच्या मर्जीविरुद्ध 'सुटका' घडवू नका. टोळीतलाच दुभाषी वापरू नका. करता येणार नाही ते वचन देऊ नका. तिनं हो म्हटलं तर अधीक्षकांमार्फत तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. वेठबिगार ठरवून मुक्तता प्रमाणपत्र द्यायचा अधिकार महसूल यंत्रणेकडे आहे, आणि पुनर्वसनाची मदत त्या कागदावरच अवलंबून असते. मुलगी १८ च्या आतली आणि गरोदर असेल, तर मात्र मर्जीचा प्रश्नच नाही. पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि लपवलं तर शिक्षा आपल्याला आहे. बलात्कार किंवा बाललैंगिक अत्याचाराच्या रुग्णाला मोफत उपचार नाकारणं खासगी दवाखान्यालाही गुन्हा आहे.

वेळ नाही, असंही म्हणतात. तीन प्रश्नांना दोन मिनिटं लागतात. केस पेपरवर धर्म, वय, पत्ता, रक्तगट सगळ्याला रकाना आहे. "इथून जाता येतं का?" याला नाही. तो रकाना सरकार छापेल तेव्हा छापेल. तोवर तो प्रश्न आपल्या तोंडी असला पाहिजे.

त्या पहिल्या बाईनं मला उत्तर आधीच दिलं होतं. चार दिवस ठेवून घ्या, याचा अर्थ मला बाहेर जाता येत नाही, असाच होता. मी मनगट सोडवून घेतलं. तुम्ही सोडवून घेऊ नका.