नावाची दुरुस्ती

नानांच्या पत्त्यात गाव नसायचं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी केअर ऑफ ५६ एपीओ. तेवढ्यावर लष्कराचं टपालखातं माणूस शोधून काढायचं. मला लहानपणी वाटायचं, छपन्न नावाचं एखादं गाव असेल आणि तिथल्या पारावर आमचे वडील बसत असतील. पुढे पलटण पूर्वेकडे गेली आणि छपन्नचे नव्याण्णव झाले. पत्र वाचून दाखवलं तेव्हा आजीने विचारलं, "पगार वाढला का रं त्येचा?"

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेत जाणं हे काही नवल नव्हे. अपशिंग्याच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं कामी आली. आमचं गाव तेवढं मानाचं नाही, पण दोन घरांआड एक फौजी होताच. त्यामुळे वर्षातून दोन महिने येणारा बाप ही आम्हाला रीतच वाटे. हिरवी ट्रंक, होल्डॉल, आणि अंगाला बूटपॉलिशचा वास. पहिले आठ दिवस आम्ही आईच्या पदराआडून त्यांना बघायचो. ओळख पक्की होईस्तोवर सुट्टी संपलेली असायची.

नाना पहिल्या मराठ्यात, म्हणजे जंगी पलटणीत. १७६८ साली उभी राहिलेली ही बटालियन, आणि हे साल ते स्वतःच्या जन्मसालापेक्षा जास्त ठामपणे सांगत. १९७१ च्या युद्धात, डिसेंबरात, ती पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला होती. ब्रिगेडियर क्लेर यांनी शत्रूच्या कर्नलला शरण येण्याचं पत्र धाडलं. उत्तरात आलेल्या कागदात एक गोळी गुंडाळलेली होती. १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून निसटण्यासाठी बलुची पलटण चालून आली ती थेट मराठ्यांच्या मोर्चांवर. जमालपूर पडलं, आणि १२ तारखेला पलटण पुंगलीच्या पुलावर छत्रीधारी सैनिकांना जाऊन मिळाली. हे सगळं पुस्तकांत आहे.

नाना सांगत ते मात्र निराळंच. ब्रह्मपुत्रेची वाळू बुटात शिरली की कशी टाचा सोलते, आणि तिकडचे बैल मराठीत हाकलले तर जागचे हलत नाहीत. नाना खोटं बोलत नव्हते, पण खऱ्यातलं कुठलं सांगायचं ते त्यांनी ठरवून टाकलं होतं, असं मला आता वाटतं. ११ तारखेच्या सकाळी तिथे काय दिसलं, हे आम्ही विचारलं की ते बैलांवर यायचे.

पेन्शनीत आले तेव्हा गावाने वेशीपासून मिरवत आणलं. हलगी, गुलाल, आजीची ओवाळणी. दुसऱ्या दिवसापासून घरात खरी पंचाईत सुरू झाली. दोन महिन्यांच्या पाहुण्याला सगळं माफ असतं, कायमच्या माणसाला नाही. नाना पहाटे साडेचारला उठून आम्हाला अंगणात ‘फॉल इन’ करत. रागावले की हिंदीत बोलत. ताट हातात घेऊन उभ्यानेच जेवत आणि पाच मिनिटांत हात धुवून मोकळे होत. "खाली बसा की. कुणी धाड घातलीय व्हय?" आई म्हणायची. शेताचा वाटा, सोसायटीचं कर्ज, कुणाच्या घरी किती आहेर द्यायचा, हे सगळं इतकी वर्षं तिने एकटीने सांभाळलेलं. नानांनी पहिल्याच महिन्यात एक बांध परस्पर हलवायला काढला, तर तिने तोंडातून शब्द न काढता चुलत्यांना बोलावून आणलं. त्या दिवशी घरात हुकूम कुणाचा चालतो ते ठरलं. तसं ते आधीच ठरलेलं होतं. नानांना त्या दिवशी कळलं, इतकंच.

सगळ्यात जास्त छळलं म्हशीने. आईच्या हातावाचून ती पान्हा सोडायची नाही. आई मामाच्या लग्नाला गेली आणि धारेची पाळी नानांवर आली. आंबोण ठेवलं, पाठ थोपटली, हिंदीत दमही दिला. कासेला हात लागला की लाथ. चरवी दोनदा लवंडली. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून उपाय सांगितला. नानांनी इकडेतिकडे बघितलं, वळणीवरचं आईचं जुनं लुगडं ओढलं, डोक्यावरून पदर घेतला आणि मान खाली घालून म्हशीखाली बसले. पिळदार मिशा, वर हिरव्या काठाचा पदर. म्हशीने एकदा मागे वळून हुंगलं, शेपटी झाडली आणि पान्हा सोडला. आम्ही दाराआड तोंड दाबून हसत होतो. "रिपोर्ट बाहेर जाता कामा नये," ते चरवीतल्या फेसाकडे बघत म्हणाले. अर्थात संध्याकाळपर्यंत गावभर झालं. लोक तोवर त्यांना मेजर म्हणत, हुद्दा हवालदाराचा असला तरी. आमच्याकडे पेन्शनीतला प्रत्येकजण मेजरच असतो. त्यानंतर दोन दिवस ‘लुगड्यातले मेजर’ झाले आणि पुन्हा नुसते मेजर.

नाना प्रेम वगैरे बोलणारे नव्हते. ते कागद करत. भरती झाले तेव्हा बेळगावच्या कारकुनाला बायकोचं नाव सांगताना त्यांनी माहेरचं सांगून टाकलं होतं, कारण लग्न नुकतंच झालेलं आणि सासरचं नाव तोंडात बसलेलं नव्हतं. रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर, बँकेत मात्र सगळीकडे सासरचं. उद्या आपण नसताना कुटुंब पेन्शनीच्या वेळी ही बाई कोण म्हणून विचारतील, हे नानांच्या डोक्यात बसलं. मग सुरू झालं: प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा दाखला, जिल्हा सैनिक कार्यालयाच्या फेऱ्या, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार. एकेका कागदाच्या तीन-तीन प्रती, टाचणीने नव्हे, सुईदोऱ्याने शिवलेल्या. आई म्हणाली, "जन्मात कधी नाव घेतलं नाहीत माझं, आणि आता कचेऱ्यांतनं पुकारत फिरताय." नाना लाजले. मूळ पेन्शनीच्या कागदांना जोडलेला जोडीचा फोटोही साताऱ्याच्या स्टुडिओत असाच लाजत काढलेला होता; दोघांमध्ये तिसरं माणूस मावेल एवढी जागा.

दुरुस्तीचं पत्र आलं त्या दिवशी ते त्यांनी मोठ्याने वाचलं. सरकारी इंग्रजी, मध्येच आईचं नाव, नेमकं. तिला दुसऱ्यांदा वाचून हवं होतं. कळलं नाही म्हणत होती.

नाना गेले तेव्हा पंचक्रोशीतले माजी सैनिक पदकं लावून आले, सलाम ठोकून, चहा घेऊन गेले. फायलीत पहिल्याच पानावर नानांच्या अक्षरात क्रमवार यादी होती: मृत्यूच्या दाखल्याच्या किती प्रती, आधी कुठे कळवायचं, बँकेत कुठलं पुस्तक न्यायचं. आईला एकदाही कुणी विचारलं नाही, ही बाई कोण. कुटुंब पेन्शन सुरू झाली.

आता दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. मशिनवर बोट ठेवायचं. शेण, माती, भांडी यांनी आईच्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्यात. मशिन तिला ओळखत नाही. मागच्या खेपेला बँकेतला मुलगा एकेक बोट पुसून लावून बघत होता.

"नाव तेवढं दुरुस्त करून घेतलं त्येनी," आई त्याला म्हणाली, "बोटांचं राहिलं."

तो हसला आणि म्हणाला, "आजी, डावा अंगठा द्या." तो लागला.