उलाळ

औंधातील एका जुन्या बंगल्याच्या मागील आवारात, आंब्याच्या पाचोळ्याने निम्मा झाकलेला तो ट्रेलर मी प्रथम पाहिला, तेव्हा त्याच्या आसाखाली विटा रचलेल्या होत्या आणि दाराच्या कडीला कुठल्याशा दसऱ्याची आपट्याची डहाळी वाळून कोळ झालेल्या स्थितीत अजून तशीच बांधलेली होती. बंगल्याच्या मालकीणबाई, ज्यांना मी पहिल्या भेटीपासून काकू म्हणू लागलो, त्यांचे दिवंगत यजमान अभियंते होते. लष्करी मालाच्या लिलावातून आणलेला एका ट्रेलरचा आस आणि दोन चाके घेऊन, त्यांवर लोखंडी सांगाडा जुळवून, सागवानी फळ्या व ॲल्युमिनियमचे पत्रे स्वतःच्या हाताने ठोकून, त्यांनी १९७८ साली हे चालते बिऱ्हाड सिद्ध केले होते. आत दोन माणसांची शय्या, स्टोव्हचा ओटा, एक फडताळ आणि आसाच्या किंचित पुढे, जमिनीखाली, दोन लोखंडी पट्ट्यांनी बांधलेला एक रिकामा कप्पा होता. त्या कप्प्याचे प्रयोजन मला उमगले नाही, आणि ते विचारण्याचे त्या वेळी सुचलेही नाही.

घर पाठीशी बांधून प्रवासाला निघण्याची ही हौस सर्वस्वी परकी आहे असे मला कधीच वाटले नाही. बुधवार पेठेतील फरासखाना आज पोलीस ठाणे म्हणूनच लोकांना ठाऊक असला, तरी त्या शब्दाचा मूळ अर्थ डेरे, राहुट्या, कनाती व जाजमे ठेवण्याचे कोठार असा आहे. पुढे इंग्रजी अमदानीत कलेक्टरसाहेबांची हिवाळी फिरती तंबूंच्या मुक्कामांतूनच होत असे. आणि अलीकडे, २०२१ साली, महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे रीतसर धोरणही जाहीर केले. कमतरता हौसेची नव्हती. जुनी वस्तू नव्या वाहनाला सुरक्षितपणे कशी जुंपावी, हे सांगणारे माणूस मात्र सहजी भेटत नव्हते.

कागदपत्रांचे काम वेळखाऊ असले तरी सरळ होते. ट्रेलरला मोटार वाहन कायद्यान्वये स्वतंत्र नोंदणी लागते, हे पुष्कळांच्या गावी नसते. मूळ मालक हयात नसल्यामुळे प्रथम एकतीस नंबरच्या अर्जाने तो काकूंच्या नावे झाला, मग एकोणतीस व तीस नंबरच्या अर्जांनी माझ्या नावे. चेसिसवरचा क्रमांक गंजाखाली बुजला होता. घासलेटाच्या बोळ्याने तो मोकळा करून त्यावर कागद धरला, आणि पेन्सिल घासताच एकेक आकडा वर आला, तेव्हा काकू माझ्या खांद्यावरून वाकून ते पाहत होत्या.

तपासणीत सर्वांत अधिक फसवे निघाले ते टायर. वरची नक्षी जवळजवळ कोरी होती, आणि अनभिज्ञ माणसाने ते समाधानाने ठेवून घेतले असते. पण बाजूच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. येथे ते २३०४ असे होते, म्हणजे टायर २००४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातले. अंगठ्याने दाबले की रबराच्या भेगा उघडत. टायर धावण्याने झिजतो तसा नुसता उभा राहूनही मरतो. दोन्ही नवे घेतले, बेअरिंगे काढून नवे ग्रीस भरले आणि सागवानी जमिनीला टोच्याने ठिकठिकाणी टोचून कुजका भाग शोधला. तो दाराच्या उंबऱ्यापाशी वीतभरच निघाला.

माझा पिकअप ट्रक नवा, डिझेलचा, भरपूर ताकदीचा. मला कळकळीने सांगावेसे वाटते ते हे की, ओढण्याची ताकद ही या व्यवहारातील सर्वांत सोपी बाब आहे. ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला लष्करी पद्धतीची लोखंडी कडी होती. भोसरीच्या एका कारागिराने ती काढून ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर बसणारी टोपी जोडली, आणि टोपी निसटलीच तर दांडा रस्त्यावर न आपटता झोळीत पडावा म्हणून त्याखालून दोन साखळ्या एकमेकींना फुलीसारख्या छेदून बांधल्या. दिव्यांची तार थेट ट्रकच्या तारेला जोडणे हे पूर्वीच्या जीपला चालून जाई. हल्लीच्या वाहनातील संगणकाला तो वाढीव भार दोष वाटतो, यास्तव बॅटरीवरून वेगळी वीज घेणारी एक डबी मध्ये बसवावी लागली. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नव्हते. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ते नसले तरी चालतात, हा आधार घेऊन मी निघालो खरा, पण त्याचा अर्थ थांबवण्याचा सगळा भार एकट्या ट्रकवर, हे विसरता येत नव्हते.

पहिला प्रवास भोरकडचा, भाटघरच्या जलाशयाकाठी मुक्काम करण्याच्या इराद्याने. पत्नीने भांडी, अंथरुणे, सिलिंडर आणि पाण्याचे पंचवीस लिटरचे दोन डबे मागच्या दारातून, हाताशी येतील असे, दाराजवळच रचले. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून शिंदेवाडीच्या उताराला लागलो, वेग पासष्टाच्या आसपास होता, आणि उजवीकडून एक मोठी प्रवासी बस वाऱ्याचा झोत सोडीत पुढे गेली. त्या झोताने ट्रेलरचे ढुंगण डावीकडे सरकले, मग उजवीकडे, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होत ट्रकच्या पाठीला धरून हलवू लागला. आरशात त्याची एकदा डावी आणि एकदा उजवी भिंत दिसत होती. पाय ब्रेककडे धावला, परंतु जोरात ब्रेक मारला तर मागचे वजन ट्रकला आडवे ढकलील एवढे भान राहिले होते. ॲक्सिलरेटर सोडला, चाक सरळ घट्ट धरले, हेलकाव्याच्या उलट फिरवण्याचा मोह आवरला. वेग पन्नासाच्या खाली येताच ट्रेलर शांत झाला. पत्नी कितीतरी वेळ काही बोलली नाही.

कापूरहोळला चहासाठी थांबलो. चाकांच्या तुंब्यांना उलट्या हाताने स्पर्श करून बेअरिंग तापले नाही ना हे पाहत होतो, तेव्हा शेजारच्या बाकावरचे फेटेवाले वृद्ध शेतकरी उठून आले, दांड्याखाली हात घालून त्यांनी तो जरासा तोलून पाहिला आणि म्हणाले, “पाव्हणं, गाडी उलाळ भरलीया. वझं म्होरं घ्या.”

उलाळ! हा शब्द मी लहानपणी जुन्नरकडे आजोळी ऐकला होता. बैलगाडीत ओझे आसाच्या मागे अधिक झाले की जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, गाडी उलाळ होते. पुढे फार झाले तर माना दडपतात. म्हणून जुवावर बेताचा भार राहील अशी पोती रचणे ही गाडीवानाची पहिली विद्या. ट्रकच्या हुकावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या शेकडा दहा ते पंधरा भार पडावा, असे आधुनिक नियम सांगतो, तो हाच. इंजिनाच्या ताकदीचे आकडे मी मुखोद्गत केले होते, आणि ज्या ज्ञानाची खरी गरज होती ते माझ्या मातृभाषेत एका शब्दात साठवलेले होते. त्या वृद्धांच्याच मदतीने डबे आणि सिलिंडर आसाच्या पुढे सरकवून बांधले. भोरपर्यंत ट्रेलर एकदाही डुलला नाही.

परतताना बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलाकडचा तो कुप्रसिद्ध उतार होता, जिथे डिझेल वाचवण्यासाठी गिअर काढून आलेल्या अवजड गाड्यांनी किती घरे उजाड केली ते पुणेकरांना वेगळे सांगायला नको. ब्रेक तापून निकामी होण्याआधीच वेग इंजिनाने धरावा, म्हणून उताराच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकला आणि चाळीसाच्या वेगाने, डाव्या कडेने, मागच्यांचे भोंगे सोशीत उतरलो.

दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर भरलेला ट्रेलर नेला: ६२० किलो. मग एका धान्यवाल्याच्या काट्यावर दांड्याचे टोक टेकवले. पहिल्या रचनेत २८ किलो भरले. डबे पुढे घेताच ७०. ट्रकचा हूक उंच असल्याने दांडा वर तोंड करून राहत होता, म्हणून हूकच भोसरीच्या कारागिराकडून चार बोटे खाली आणवला. ब्रेकही बसवून घ्यायचे ठरले आहे; ते झाल्यावाचून खंबाटकीकडे जायचे नाही.

त्या सायंकाळी काकूंना फोन केला. सारी हकीकत ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, “पण पाणी मागे का ठेवलंत? खाली पट्ट्यांचा कप्पा आहे ना, तिथे ह्यांचे दोन डबे असायचे.”