दगडावरचा ऑइलपेंट

लग्न ठरवायला आलेल्या एका पाहुण्याने मला विचारलं होतं, "करता काय तुम्ही?" म्हटलं, शहरातले शिलालेख, जुने कागद, पडक्या इमारती यांच्या नोंदी करतो. त्यांनी अब्बांकडे पाहिलं. "आणि नोकरी?"

वीस वर्षं झाली. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून घर चालवतो. बाकी वेळ अहमदनगरचा (आता अहिल्यानगर म्हणायचं). मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही उभी केली, त्यानेच हे शहर वसवलं. पण शाळेच्या सहली येतात त्या 'चांदबिबीचा महाल' बघायला. ती इमारत चांदबिबीचा महाल नाहीच, ती सलाबतखानाची कबर, असं सांगितलं की पोरांचे चेहरे पडतात. मास्तरही नाराज होतात.

अशा मोठ्या इमारतींच्या मागे लागून मी आमच्या मोहल्ल्यातली मशीद विसरलो. दरवाजावर फारसीतल्या चार ओळींचा दगड होता. लहानपणी जुम्म्याला खाली बसून मी त्याची अक्षरं मोजायचो. त्याचा ठसा घ्यायचा म्हणजे ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा, वाळत आला की वरून शाई फिरवायची. दोन तासांचं काम. घराजवळच आहे, कधीही घेऊ, म्हणत राहिलो.

गेल्या रमजानआधी कमिटीने वर्गणी काढून मशीद रंगवली. दगडासकट. हिरवा ऑइलपेंट, दोन हात. कमिटीचे चचा कौतुकाने म्हणाले, "देखो, कैसा चमक रा!"

मला राग आला, पण काढायचा कुणावर? मुसलमानांचा इतिहास पुसला जातो म्हणून मी भाषणं ठोकत फिरत होतो. इथे दगड आपल्याच माणसांनी प्रेमाने रंगवला होता, आणि त्याचं मोल त्यांना सांगायला वीस वर्षांत मी एकदाही गेलो नव्हतो. माझ्याकडे फोनमधला एक फोटो आहे, माझ्या मुलाचा, ईदच्या दिवशीचा. मागे दगडाची दीड ओळ दिसते. ती वाचता येते. बांधणाऱ्याचं नाव आणि हिजरी सन त्यात नाही.

अ‍ॅसिड लावून चालत नाही, दगड खातं. पॉलिश पेपर तर नकोच. त्यामुळे आता रंग मऊ करणारा लेप लावून ठेवतो आणि बांबूच्या काडीने कोरत बसतो, दर रविवारी जोहरनंतर. चचा शिडी धरतात. परवा पहिलं अक्षर मोकळं झालं.

"कौन सा है?"

"मीम."

"मुहम्मद का?"

"मस्जिद का बी हो सकता, चचा."


चचांनी शिडी आणखी घट्ट धरली. "फिर आगे का निकालो ना."