यंत्राने आकडा दिला. गाडी कोणी थांबवायची?

गाडी फलाटात शिरताना दोन्ही बाजूंना उभे राहून चाके न्याहाळणारे रेल्वे कर्मचारी आपण पाहिले असतील. गाडी थांबली की त्यांतील एखादा इन्फ्रारेड तापमापक ॲक्सल बॉक्सवर रोखतो. पदार्थविज्ञानाचा संशोधक म्हणून ते दृश्य मला आश्वासक वाटते, तसेच थोडे अस्वस्थही करते. असा तापमापक केवळ पृष्ठभागाचे तापमान सांगतो. आत तापलेल्या बेअरिंगची उष्णता बाहेर पोहोचण्यास वेळ लागतो.

त्या वेळाची किंमत ३ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेत कळली. ओहायो राज्यातील ईस्ट पॅलेस्टाइन येथे मालगाडीचे ३८ डबे घसरले. त्यांतील पाच टाक्यांत व्हिनाइल क्लोराइड हे विषारी रसायन होते. रुळांलगतच्या यंत्रांनी सदोष बेअरिंगचे तापमान तीनदा टिपले होते. ते सभोवतालच्या हवेपेक्षा अनुक्रमे सुमारे २१, ५७ आणि १४१ अंश सेल्सिअसने अधिक होते. गाडी थांबवण्याची मर्यादा होती सुमारे ९४ अंश. दुसऱ्या आणि तिसऱ्या यंत्रांमध्ये जवळजवळ ३२ किलोमीटरचे अंतर होते. इशारा मिळाला, चालकाने ब्रेक लावले. पण उशीर झाला होता.

यंत्रे किती अंतरावर असावीत, कोणत्या आकड्यावर गाडी थांबवावी, याविषयी तेथे संघराज्याचा नियमच नव्हता. ते रेल्वे कंपन्या ठरवत.

आपल्याकडे आरडीएसओ आणि आयआयटी कानपूर यांनी विकसित केलेली यंत्रणा धावत्या चाकाचा रुळावरील आघात मोजते. रुळांलगतच्या ध्वनिग्राहकांद्वारे बेअरिंगचा आवाज ऐकणारी यंत्रणाही आली आहे. दोष पुरेसा तापण्यापूर्वीच तिला ऐकू येऊ शकतो. हे अभिमानास्पद आहे. तरी मर्यादा खाली आणली, तर निर्दोष गाड्याही थांबतील आणि इशाऱ्यांवरील विश्वास उडेल; वर नेली, तर सदोष डबा निसटेल. ही निवड कोणतेही संवेदक करून देत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, नव्या संवेदकाची बातमी वाचाल तेव्हा त्याच्या अचूकतेबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा: पुढचे यंत्र किती दूर आहे, मर्यादा कशावरून ठरली, आणि इशारा मिळताच गाडी थांबवण्याचे बंधन कोणावर आहे? हे प्रश्नही विज्ञानाचेच आहेत.