शिरोलीच्या शाळेला काय द्यावं?

कोल्हापूर

तीर्थरूप काकांस,


तुमचं पत्र पोचलं. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत शिरोली एमआयडीसीलगतच्या प्राथमिक शाळेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांसाठी काहीतरी भरीव द्यायचं तुम्ही आणि शेजारच्या कारखानदारांनी ठरवलंय, आणि बहुतेकांचा कल भिंतीवरच्या मोठ्या टच स्क्रीनकडे आहे, असं तुम्ही लिहिलंत. माझं मत विचारलंत म्हणून मोकळेपणानं लिहिते. स्क्रीन कधीच घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण पहिला पैसा तिच्यावर घालू नका. सहा-सात वर्षांच्या मुलाला असं साधन हवं, जे त्याच्या हातात मावेल, त्याला करून बघू देईल आणि चुकलं तर ते तिथल्या तिथं त्यालाच कळेल, बाई जवळ नसल्या तरीही. वर्गातली गंमतसुद्धा मला इथंच दिसते. रंगीत, आवाज करणारी, हलणारी वस्तू मुलाला दोन दिवस पुरते; आपलं आपल्याला जमलं याचा आनंद त्याला पुन्हा पुन्हा तिच्याकडे ओढून नेतो.

तुमच्या मशिन शॉपमध्ये बोअर झाला की कामगार प्लग गेज घालून बघतो. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे. सुपरवायझरची वाट बघत बसावं लागत नाही. मारिया माँटेसरी यांची दट्ट्यांची पेटी नेमकी अशीच चालते. लाकडाच्या एका ठोकळ्यात दहा भोकं आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. एका ठोकळ्यात दट्ट्यांचा व्यास साडेपाच सेंटिमीटरपासून अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरनं कमी होत एकावर येतो. मूल सगळे दट्टे बाहेर काढतं, मिसळतं आणि परत बसवायला लागतं. लहान दट्टा मोठ्या भोकात टाकला तर तो बसतो, कुणी हटकत नाही. पण शेवटी हातात एक जाडा दट्टा उरतो आणि ठोकळ्यात उरलेलं भोक त्याला घेत नाही. मग मूल मागं वळतं, कुठला दट्टा सैल बसलाय ते बोटानं हलवून बघतं, तो काढतं, दुसरा घालतं. त्या पाच मिनिटांत ते मोजमाप, क्रम आणि धीर, तिन्ही शिकतं, आणि कुणी त्याला ‘चुकलास’ म्हणालेलं नसतं.

माँटेसरीची साधनं महाग, ती शहरातल्या सुखवस्तू घरांसाठी, हा आक्षेप फार जुना आहे आणि त्याचं उत्तर महाराष्ट्रातच दिलं गेलं आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. पुढं १९५७ मध्ये अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांमध्ये नेलं. तिथं विकतच्या पेट्यांऐवजी शिंपले, बिया, खडे, पानं आली. ताराबाईंनी साधन कशाचं बनलंय यापेक्षा ते कसं शिकवतं हे नीट ओळखलं होतं, म्हणून त्यांना बदल करता आला. दुसरं नाव तर तुम्हाला जवळचं वाटेल. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्याच्या टेल्कोत ट्रकच्या कामात होते. १९७८ मध्ये ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या उपक्रमात गेले आणि तिथं सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या यांतून त्यांनी भूमिती उभी केली. तीन काड्या जोडल्या तर त्रिकोण घट्ट राहतो. चार काड्यांचा चौकोन दाबला की तिरका होतो. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात हे मुलाला बोटांनी कळतं.

आता पहिली-दुसरीतला खरा अडसर बघा. आपल्या मराठीत ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी येतात आणि लिहिताना दोन आधी. बरीच मुलं ऐकून ७२ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. त्या वादात मला इथं शिरायचं नाही, पण अडचण खरी आहे हे त्यातून सगळ्यांना दिसलं. यावर उपाय म्हणजे दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे आणि काही सुट्या काड्या. मुलानं ७२ लिहिलं की शेजारच्या मुलानं त्या अंकांप्रमाणे काड्या मांडायच्या: सात गठ्ठे, दोन सुट्या. ढिगारा एवढा मोठा होतो की दोघंही लगेच एकमेकांकडे बघतात. अंक आणि ढीग यांची गाठ अशी पडली म्हणजे फळ्यावरचं ‘दशक-एकक’ नुसतं पाठांतर राहत नाही.

‘काड्या खेळून गणित येतं का?’ असं तुमचे मित्र विचारतील, आणि हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या गणित-शिक्षणाच्या अभ्यासक डेबोरा बॉल यांनी १९९२ मध्येच बजावलं होतं की वस्तूंमध्ये गणित भरलेलं नसतं. मोठ्यांना ते दिसतं कारण त्यांना आधीच येत असतं. मुलाला नुसत्या काड्या दिल्या तर ते त्यांची घरं बांधेल. त्यातही वावगं काही नाही, पण तेवढ्यानं सत्तावीस येत नाही. बाईंनी नेमकं काम दिलं पाहिजे आणि नंतर ‘कसं केलंस?’ हे विचारलं पाहिजे. आपल्या राज्यात याचा मोठा धडा मिळाला आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांनी फरशीवर आखणी करून, मुलांना गटात बसवून फार चांगलं काम केलं. २०१५ मध्ये राज्य सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि कितीतरी शाळांच्या फरश्या रंगल्या. ज्या शाळांत शिक्षकांनी त्यामागचा विचार उचलला तिथं वर्ग बदलला. जिथं नुसता रंग उचलला तिथं वर्षभरात रंगही उडाला. म्हणून तुमच्या बजेटमध्ये शिक्षकांनी एकत्र बसून साधनं वापरून बघण्याचे दिवस धरा. हा खर्च फोटोत दिसत नाही, त्यामुळे देणगीदार तो टाळतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

स्क्रीनच्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही मी तीच कसोटी लावते. पेरू देशात ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले गेले. ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला, तर भाषा आणि गणित या दोन्हींत काही फरक पडलेला नव्हता. उलट बडोद्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघं, असे गणिताचे खेळ दिले तेव्हा त्यांचं गणित चांगलंच सुधारलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हे प्रसिद्ध केलं. तो फायदा खेळ थांबल्यावर वर्षभरात बराचसा ओसरला, हेही त्यांनी नोंदवलं. बडोद्याचा खेळ मुलाला उत्तर द्यायला लावत होता आणि त्याच्या कुवतीप्रमाणे पुढं सरकत होता. भिंतीवरचा एक पडदा आणि समोर सतरंजीवर बसलेली तीस मुलं, यात असं उत्तर फार तर एकाला द्यायला मिळतं, बाकीची बघत राहतात.

शिरोलीसाठी आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यांत वजनदार वाटतं. फाउंड्रीत काम करणारी माणसं बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आली आहेत, काही सीमेपलीकडून कर्नाटकातून. त्यांच्यातली जी मुलं मराठी शाळेत येतात, ती पहिले काही महिने बाईंचं अर्धं बोलणं अंदाजानं घेतात. स्क्रीनवरचा धडाही मराठीतच बोलणार. दट्टा मात्र ज्या भोकात बसायचा त्यातच बसतो, मुलाची बोली कुठलीही असो. अशा कामात भोजपुरी बोलणारं मूल वर्गात पहिल्या दिवसापासून हुशार ठरू शकतं, आणि शेजारच्या मुलाशी बोलता बोलता ‘मोठा, लहान, जाड, बारीक’ हे शब्दही उचलतं. पालक वही भरलेली मागतात, हे खरं. काड्यांचं काम संपल्यावर मुलानं तेच वहीत मांडावं, म्हणजे तीही भरेल. एका बाईंकडे दोन वर्ग असतात आणि गोंगाट होतो, हेही खरं. पण जे साधन चूक स्वतः दाखवतं ते बाईंचा तेवढा वेळ वाचवतं. एक गट पेटीवर बसलेला असताना दुसऱ्याचं वाचन घेता येतं.

शेवटचा आक्षेप तुमच्याच मनात असेल: गरिबाच्या मुलाला भंगार द्यायचं का? मुळीच नाही, आणि भंगार द्याही नका. धारदार कडा (बर) राहिलेली कास्टिंग, तेलकट तुकडे, वापरलेली मोल्डिंग सँड यांतलं काहीही वर्गात जाता कामा नये. त्या वाळूतल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते. लहान वायसर अंगणवाडीच्या मुलांसाठी नकोतच, ती तोंडात घालतात. पण तुमच्या वसाहतीत पॅटर्न करणारे असे कारागीर आहेत की लाकडात बारीक मापाचा फरक सांभाळणं त्यांच्या रोजच्या सरावाचं आहे. त्यांच्याकडून दट्ट्यांच्या पेट्या, गुळगुळीत कडांचे ठोकळे, काटा नीट मध्यावर येणारे छोटे तराजू करून घ्या. दुसरीसाठी एकाच मापाच्या नव्या, मोठ्या वायसर द्या. सगळ्यांचं वजन सारखं, त्यामुळं मोजायलाही येतात आणि तराजूत वजन म्हणूनही चालतात. साधनं तुटतील, हरवतील, हे आधीच धरा आणि मुख्याध्यापकांना तसं लिहून द्या. नाहीतर हिशेब द्यावा लागेल या धास्तीनं पेट्या कपाटात कुलूपबंद राहतात.

आपल्या गावात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सुरू केलेलं सृजन आनंद विद्यालय आहे. ऑर्डर देण्याआधी शाळेतल्या बाईंना घेऊन तिथं एक दिवस जाऊन या. आधी एकच पेटी करून घ्या, महिनाभर वर्गात राहू द्या आणि मग बाईंना विचारा की काय बदलायचं. पॅटर्नवाल्यालाही त्या वेळी सोबत न्या. मुलांचे हात किती लहान असतात ते त्यानं बघितलं म्हणजे दट्ट्याच्या मुठी तो बरोबर मापाच्या करील.

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपली पुतणी