दोरी कुणाच्या हातात

ईदच्या आठ दिवस आधी धाकट्या बहिणीचा फोन आला. शेवया आणल्या का, मुलांचे कपडे शिवून झाले का, असं इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "आपा, बासी ईदला मुलं पुन्हा पिनाटा मागतायत. मी हो म्हटलंय. पण टांगायचा तुम्ही."

मी काही बोलले नाही. दोन वर्षांत या शब्दाचा आमच्या घरात कुणी उच्चार केला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका मुलांच्या कार्यक्रमासाठी छोटा हॉल घेतला होता. दुकानातून चांदणीच्या आकाराचा, झिरमिळ्या लावलेला पिनाटा आणला. टांगायला जागा दिसेना म्हणून छताच्या पंख्याच्या दांडीला नायलॉनच्या दोरीने बांधून टाकला. काठी म्हणून फरशी पुसायच्या मॉपचा स्टीलचा दांडा. पुरुष मंडळी बाजूच्या खोलीत जेवत होती आणि आम्ही बायका मोबाइल वर धरून उभ्या. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. त्याच्या डोळ्यांना माझीच ओढणी बांधलेली. तिसऱ्या फटक्याला कागद फाटला, चॉकलेटं जमिनीवर पडली आणि सगळी मुलं एकदम आत धावली. त्याला काय दिसणार? त्याचा चौथा फटका तोवर निघालेला होता. खाली वाकलेल्या माझ्या सहा वर्षांच्या भाच्याच्या भुवईवर तो बसला.

तीन टाके पडले. डॉक्टरांनी जखम आणि डोळा यांमधलं अंतर स्वतःच्या बोटाने दाखवलं. अर्धं बोटसुद्धा नव्हतं.

बहीण मला एका शब्दाने बोलली नाही. तिच्या सासूबाईंनी मात्र दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या विचारलं, "काठी कुणाच्या हातात होती?" प्रश्न साधाच होता, पण तो माझ्या मुलाने ऐकला. त्यानंतर त्याने बॅट हातात घेतली नाही. गल्लीतली पोरं खेळायची तेव्हा हा अंपायर व्हायचा. खालाच्या घरी गेलो की खाली स्कूटरपाशीच थांबायचा. मी वर्गात चाळीस मुलं सांभाळते, बी.एड.ला पाठाचं टाचण काढताना प्रत्येक कृतीचा क्रम लिहायला शिकले, आणि त्या दिवशी माझ्या हातात मोबाइल होता. खरं तर तो प्रश्न मलाच विचारायला हवा होता.

म्हणून या वेळी मी टाचण काढूनच बसले.

आधी हा प्रकार नेमका काय आहे ते पाहिलं. हा खेळ मेक्सिकोचा. तिकडे त्याला पिन्याटा म्हणतात, आपल्या दुकानांच्या पाट्यांवर त्याचा पिनाटा झालाय. मेक्सिको शहराजवळचं अकोल्मान हे गाव स्वतःला त्याचं जन्मस्थान म्हणवतं. तिकडचे ख्रिस्ती लोक १६ ते २४ डिसेंबरच्या पोसादांमध्ये, म्हणजे नाताळाआधीच्या नऊ रात्रींत, तो फोडतात. जुना पिन्याटा म्हणजे आत मातीचं मडकं, वरून रंगीत कागद आणि चांदणीसारखी सात टोकं. आत भुईमुगाच्या शेंगा, ऊस, संत्र्यासारखी फळं. मडक्याच्या खापऱ्या मुलांना लागत, म्हणून आता बरेचदा नुसत्या पुठ्ठ्याचा आणि कागदाच्या लगद्याचा करतात. वाढदिवसाला तर वर्षभर चालतो.

मला उपयोगी पडली ती वेगळीच गोष्ट. तिकडे पिन्याटा बहुतेक वेळा पक्का बांधत नाहीत. दोरी वरून टाकलेली असते आणि तिचं एक टोक मोठ्या माणसाच्या हातात असतं. तो पिन्याटा वर ओढतो, खाली सोडतो, मारणाऱ्याला हुलकावणी देतो. मी वर्गात हे सांगितलं तर एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ही तर दहीहंडीच!" मी म्हटलं, थोडा फरक आहे. दहीहंडीत माणूस हंडीपर्यंत चढतो, इथे हंडी माणसापर्यंत उतरते. पण त्या पोराचं अगदीच चुकलं होतं असंही नाही.

पंख्याला बांधण्यात आमची मोठी चूक झाली होती. पंख्याचा हूक सरळ खाली लोंबणारं वजन पेलायला असतो. फटका बसला की पिनाटा बाजूला जातो आणि दांडीला आडवे हिसके बसतात. शिवाय आत विजेची तार. आमच्या त्या गोंधळात पंख्याची वरची वाटी निसटून खाली आली होती, ते रडारडीत कुणाच्या लक्षातही आलं नाही. पडद्याचा रॉड, ग्रिलचं टोक, गॅलरीतली कपड्याची तार, यांतलं काहीही चालत नाही.

बहिणीच्या वाड्यामागे एक शेवगा आणि एक चिंच आहे. शेवग्याची फांदी हाताशी होती, पण शेवगा ठिसूळ. शेंगा काढतानाही कडकन मोडतो. चिंच निवडली. मनगटापेक्षा चांगली जाड, हिरवी फांदी, आणि आदल्या दिवशी मी स्वतः दोरीला लोंबकळून पाहिलं. (सासूबाई खिडकीतून बघत होत्या. बघू दे.) दोरी सुती आणि जाड घेतली, कारण नायलॉन हातातून सटकतो आणि तळवे कापतो.

पिनाटा आम्ही घरीच केला. फुगा फुगवून त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीने चिकटवायच्या, एक थर उन्हात वाळला की दुसरा. उर्दू वर्तमानपत्रं आम्ही बाजूला ठेवली, त्यांत जागोजागी पाक नावं असतात आणि हे तर काठीने मारायचं, पायाखाली यायचं. मराठी पानंही मुलांनी एकेक चाळून घेतली. थर तीनच दिले. पहिल्या प्रयोगाला उत्साहात सहा दिले होते, तो दगड झाला. न फुटणारा पिनाटा जास्त धोक्याचा, कारण मग मुलं चिडून अंगातलं सगळं बळ काढतात. दोरी नुसत्या कागदाच्या भोकातून ओवली तर पहिल्याच फटक्याला सगळं खाली येतं, म्हणून वरच्या बाजूला आतून एक लाकडी पट्टी आडवी घालून तिला दोरी बांधली. आत खजुराच्या आणि चिक्कीच्या पुड्या, खोडरबर, फुगे. कडक गोळ्या घातल्या नाहीत, लहानग्यांच्या घशात अडकतात. सगळं मिळून दीड किलोच्या आत.

काठीसाठी कापडाच्या दुकानात गेले. ठाण गुंडाळलेला असतो तो पुठ्ठ्याचा रूळ दुकानदाराने फुकट दिला. त्यातला अडीच फुटांचा तुकडा कापला. पिनाटा फुटतो, डोकं फुटत नाही.

एवढं झाल्यावर मुलाकडे गेले. म्हटलं, दोरी धरायला माणूस हवा. ताकदीचा, आणि ज्याचं लक्ष हलणार नाही असा. तो बराच वेळ पुस्तकात बघत राहिला. मग म्हणाला, "काठी मी धरणार नाही." मी म्हटलं, काठी नाहीच, दोरी.

बासी ईदच्या दुपारी चिंचेखाली मी चुन्याने गोल आखला, मधोमध उभं राहून चारी बाजूंना दहा फूट. मुलाचा हात, काठी आणि आंधळेपणाने टाकलेली दोन पावलं, एवढी जागा लागतेच. मुलं गोलाच्या बाहेर, जमिनीवर बसलेली. बसलेल्या मुलाला धावायला आधी उठावं लागतं, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. मारणाऱ्याच्या मागे मी. प्रत्येकाला तीन फटके, सर्वांत लहान आधी, आणि सहा वर्षांखालच्यांच्या डोळ्यांना पट्टी नाही. पिनाटा मुलाच्या छातीएवढा खाली. गळ्यात पीटीची शिट्टी. नियम एकच, तो चार वेळा सर्वांकडून वदवून घेतला: शिट्टी वाजली, काठी माझ्या हातात आली, मी "उठा" म्हटलं, मगच उठायचं.

माझा मुलगा गोलाबाहेर, तळव्यांना रुमाल गुंडाळून दोरी धरून उभा. सुरुवातीला त्याचे खांदे कानांपर्यंत चढलेले होते. एका चिमुरडीसाठी त्याने पिनाटा खाली सोडला, ती मारायला गेली तसा हळूच वर घेतला. मुलं खिदळली. मग तोही.

भाच्याची पाळी आली. भुवईत केस न उगवलेली ती बारीक रेघ आहे, तिच्यावरून मी ओढणी बांधली. माझेच हात थरथरत होते. तो म्हणाला, "खाला, घट्ट बांधा, मला दिसतंय." मग मोठ्याने ओरडला, "भाईजान, उगीच खाली नको हं आणू!" तिन्ही फटके हवेत गेले. तो पोट धरून हसत बसला.

शेवटी शेजारच्या सात वर्षांच्या मुलीने तो फोडला. शिट्टी वाजली. दोन पोरं उठलीच, पण बाकीच्यांनी त्यांना सदरे धरून खाली बसवलं. काठी माझ्या हातात आली, मग मी "उठा" म्हटलं. जिला काही वेचता आलं नाही अशा दोन छोट्या मुली निघाल्या. त्यांच्यासाठी पुड्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या.

सगळी मुलं पांगल्यावर भाचा फाटका पिनाटा आणि तो पुठ्ठ्याचा रूळ घेऊन माझ्या मुलाकडे गेला. "तू राहिलास की. मी धरतो दोरी." मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं. रिकाम्या पुठ्ठ्यावर पोकळ असा एक आवाज आला, फार मोठा नाही.

आत गेलो तेव्हा बहिणीच्या सासूबाईंनी शीरखुर्म्याचा प्याला त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "बाळा, इकडे ये. दोरीने हात सोलले का बघू."