नागपूर २०००, मुंबई २००१: दोन यष्टिरक्षक आणि एक जुना वाद

क्रिकेटमधील सर्वश्रेष्ठ यष्टिरक्षक-फलंदाज कोण, हा वाद निघाला की पाच-सहा नावे पुढे येतात, त्यांच्या सरासऱ्या मांडल्या जातात आणि चर्चा तिथेच आटोपते. इतिहास वाचणाऱ्याने मात्र आधी पुराव्याची जात तपासावी. धावफलक धावा नोंदवतो, झेल नोंदवतो, बाइजसुद्धा नोंदवतो. सुटलेला झेल आणि हुकलेले यष्टिचीत यांची नोंद त्यात नसते. म्हणजे या दुहेरी कामाच्या एका बाजूचे दप्तर भरगच्च, तर दुसरीचे अर्धेमुर्धे.

या वादातले दोन प्रमुख दावेदार अवघ्या तीन महिन्यांच्या अंतराने महाराष्ट्रात खेळून गेले.

नोव्हेंबर २०००, नागपूर. भारताने ६ बाद ६०९ वर डाव घोषित केला. तो सारा वेळ झिम्बाब्वेचा अँडी फ्लॉवर यष्ट्यांमागे उठबस करत होता. मग झिम्बाब्वेवर फॉलोऑनची नामुष्की आली आणि दुसऱ्या डावात त्याच फ्लॉवरने नाबाद २३२ धावा करून सामना अनिर्णित राखला. कसोटीतील यष्टिरक्षकाची ही सर्वोच्च खेळी आजही अबाधित आहे. त्या दोन कसोट्यांच्या मालिकेत त्याने १८३*, ७०, ५५ आणि २३२* अशा ५४० धावा केल्या. सरासरी २७०!

फेब्रुवारी २००१, वानखेडे. भारताच्या १७६ धावांना उत्तर देताना ऑस्ट्रेलियाची अवस्था ५ बाद ९९ झाली होती. अ‍ॅडम गिलख्रिस्ट आला आणि त्याने ११२ चेंडूंत १२२ धावा ठोकल्या. समोर मॅथ्यू हेडन होता. सामना तिसऱ्या दिवशी संपला. ऑस्ट्रेलियाचा तो सलग सोळावा कसोटी विजय. त्यानंतर कोलकात्यात गिलख्रिस्ट दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर बाद झाला, चेन्नईत १ आणि १. जुगार म्हणावा तो हाच. पण असा जुगार खेळण्याची मुभा त्याला संघाच्या श्रीमंतीने दिली होती. फ्लॉवर लवकर बाद झाला की बहुधा डावच कोसळे.

आकडे पाहू. गिलख्रिस्ट: ९६ कसोट्या, ५५७० धावा, सरासरी ४७.६०, यष्टिमागे ४१६ बळी. फ्लॉवर: यष्टिरक्षक म्हणून ५५ कसोट्यांत सरासरी ५३.७०. गंमत अशी की ग्लव्ह्ज नसलेल्या ८ कसोट्यांत ती ३५ च्या आसपास घसरते. कुमार संगकाराचे नेमके उलट आहे: ग्लव्ह्ज घालून ४०.४८, ग्लव्ह्ज उतरवल्यावर ६६.७८. दिवसभर वाकून-उठून थकलेल्या पायांची किंमत संगकाराच्या आकड्यांत स्वच्छ दिसते. म्हणूनच फ्लॉवरचा आकडा अधिक विस्मयकारक ठरतो. निवाडा करायचाच तर फलंदाज म्हणून कौल फ्लॉवरला द्यावा लागेल. खेळ बदलणारा माणूस म्हणून गिलख्रिस्टला.

लेस एम्सला या यादीतून वगळणे मात्र अन्यायाचे होईल. इंग्लंडच्या या खेळाडूची कसोटी सरासरी ४०.५६, प्रथम श्रेणीत १०२ शतके, आणि त्याच क्रिकेटमध्ये ४१८ यष्टिचीत, जो विक्रम आहे. केंटसाठी टिच फ्रीमनच्या लेगस्पिनवर उघड्या खेळपट्ट्यांवर यष्ट्यांना चिकटून उभे राहणे हे आजच्या यष्टिरक्षकाच्या अनुभवाबाहेरचे काम आहे. एम्स आणि गिलख्रिस्ट यांना एकाच तराजूत तोलणे म्हणजे होन आणि रुपया नुसते मोजून बेरीज करण्यासारखे.

गिलख्रिस्टने खेळ बदलला, त्याची झळ कुणाला लागली? मुंबईचे नरेन ताम्हाणे १९५४-५५ च्या पाकिस्तान दौऱ्यात कसोटीत आले. २१ कसोट्यांत त्यांनी ५१ बळी टिपले, त्यांत १६ यष्टिचीत. फलंदाजीची सरासरी १०.२२. सुभाष गुप्ते यांच्या फिरकीमागे उभे राहणाऱ्या या माणसाला आज रणजी संघातही जागा मिळाली असती का, याची शंका वाटते. २००४ मध्ये अँटिग्वा कसोटीसाठी इंग्लंडने ख्रिस रीडसारख्या निष्णात यष्टिरक्षकाला बाजूला सारून गेरेंट जोन्सला घेतले, ते फलंदाजीसाठीच. आणि २००५ च्या एजबॅस्टन कसोटीत जोन्सची आठवण राहिली ती शेवटच्या झेलाने: इंग्लंड २ धावांनी जिंकले.

एकाच कसोटीत दोन शतके करणारा पहिला यष्टिरक्षकही फ्लॉवरच: २००१, हरारे, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४२ आणि नाबाद १९९. दुसऱ्यासाठी जून २०२५ उजाडावे लागले. लीड्सला ऋषभ पंतने १३४ आणि ११८ केल्या. हरारेत झिम्बाब्वे ९ गडी राखून हरले होते, असे चुकूनही म्हणू नये. ९ गडी राखून जिंकली ती दक्षिण आफ्रिका. लीड्सला इंग्लंड ५ गडी राखून जिंकले.